शेकाची खोली

लातूरला माझ्या मुलानं घर बांधलं तेव्हा त्याला एकच ध्यास होता, बाहेरची हवा आत येता कामा नये. दुहेरी काचांच्या खिडक्या, कडेनं रबर, दाराच्या बुडाला पट्टी. एसी कमी चालावा, फुफाटा येऊ नये. खोटं कशाला बोलू, पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला मनातल्या मनात लई आशीर्वाद दिले. बाहेर पत्रे तापायचे आणि मी आत चादर घेऊन पडायची.

आतली हवा बाहेर टाकायला मागच्या खोलीच्या भिंतीत एक पंखाही बसवायचा होता. भोक पाडलं, पंखा काही आला नाही. बघू पुढं, म्हणून राहिलं. त्यातून पारवे शिरायला लागले तसं मिस्त्रीनं सिमेंटचं रिकामं पोतं कोंबून वरून गिलावा मारला. आणि ते भोक आम्ही विसरूनच गेलो.

थंडीत लेक बाळंतपणाला आली. मुदखेडला दिलेली, पहिलंच बाळ, नातू झाला. मागच्या खोलीत तिची बाज टाकली. आमच्याकडं बाळंतिणीला तेल चोळून, न्हाऊ घालून शेक देतात. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, त्यावर ओवा अन् शेपा, आणि वारं लागू नये म्हणून दार बंद. मलाही असंच शेकलेलं. पण ते माळवदाचं घर होतं, धूर जायला वर भोक, आणि दाराला बोट जाईल एवढ्या फटी.

तेल चोळायला येणारी मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली, "अक्का, घर बांधलंय का डबा? धूर कुठनं जायचा?"

मुलगा हसला. "मावशी, निखारे बाहेर फुलवून आणा की. मग धूर होतच न्हाई."

पटलं आम्हाला. धूर नाही म्हणजे काहीच नाही, असंच धरून चाललो.

पुढं लेक म्हणायला लागली, "आई, शेकलं की डोकं फुटून राहिलं. मळमळतंय बी."

"ओली बाळंतीण हाय, व्हतंय," मावशी म्हणाली. "डोक्याला फडकं घट्ट बांध." मी संध्याकाळी दृष्ट काढली.

मग एक दिवस आभाळ आलं, गारठा वाढला. त्या दिवशी निखारे जास्त घातले. लेकीला निवांत झोप मिळावी म्हणून बाळ घेऊन मी बाहेरच्या खोलीत बसले. बाळ भुकेनं रडायला लागलं तसं दार उघडलं. ती शांत झोपलेली, गाल लालसर. मला बरं वाटलं, शेक चांगला लागला म्हणून. हाक मारली. हलवलं. उठेना. मुलगा आला आणि त्यानं ती बाजच ओढत अंगणात नेली.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "खिडकी उघडी होती का?" निखाऱ्याचा वायू डोळ्याला दिसत नाही, त्याला वासही नसतो, असं डॉक्टर म्हणाले.

ती वाचली. घरी आली, बोलली, जेवली. आम्ही पेढे वाटले. आणि मग महिना होतो न होतो, तर तिचं विसरणं सुरू झालं. दूध पाजून झालं की पुन्हा पाजायला घ्यायची. मीठ कुठं असतं ते विचारायची. एकदा बाळ रडत होतं तर मला म्हणाली, "कोणाचं गं लेकरू?" डॉक्टर म्हणतात, त्या वायूचाच हा उशिरा दिसणारा परिणाम, सुधारेल, पण कधी ते सांगत नाहीत. तिच्या सासूचा फोन येतो, "सुनेला कधी धाडता?" मी म्हणते, जरा गारठा ओसरू द्या.

मुलानं ते पोतं स्वतःच्या हातानं उपसून काढलं. खिडक्यांचं रबरही ओरबाडलं. आता फुफाटा येतो, येऊ दे. मी त्याच खोलीत लेकीजवळ झोपते. त्या दिवसाचं तिला काहीच आठवत नाही. ती उठते, खिडकी लावते आणि म्हणते, "आई, लेकराला वारं लागंल."

मी म्हणते, "हाव माय." ती आडवी झाली की उठून उघडते. थोड्या वेळानं ती पुन्हा लावते.