ऑफ

काल नात कॉलेजातून आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं आजी, मूड ऑफ आहे."

माझा हात पिठातच थांबला.

हिचा फोन ऑफ होतो, लाईट ऑफ होते, मैत्रिणीशी बिनसलं की मूड ऑफ. आमच्या वेळी ऑफ म्हणजे कारखान्याची सुट्टी, एवढंच मला ठाऊक. ह्यांना गुरुवारी ऑफ असायचा. त्या दिवशी मंगळवार होता. ह्यांच्या जोडीला मशीनवर असणारे किसनभाऊजी दारात येऊन म्हणाले, "वहिनी, दादा ऑफ झाले."

मला वाटलं, सुट्टी मिळाली. म्हटलं, "बरं झालं बाई, कधीची पाठ दुखतेय म्हणत होते." आणि आंघोळीचं पाणी चुलीवर चढवलं. भाऊजी उभेच. मग खाली बघत म्हणाले, "वहिनी, पाणी उतरवा."

त्यांचा राग नाही आला कधी. आपल्यात फुटलेल्या बांगडीला वाढली म्हणतात, विझलेल्या दिव्याला शांत झाला म्हणतात. 'गेले' म्हणायला त्यांची जीभ रेटली नसेल. परक्या शब्दाला आपलं रडू चिकटलेलं नसतं. माझं मात्र तेव्हापासून त्याला चिकटलंय.

हात धुऊन मी नातीजवळ बसले. "मूडच ऑफ ना गं?"

"मूडच गं आजी! आणखी काय असणार?"

"मग ऊठ. पाणी तापत ठेवते, आंघोळ कर."