झेड-एन म्हंजी झेन

हे आजवर कुणापाशी बोललो न्हाई. दारू पिऊन बसलो तवाबी ओठापर्यंत आलं अन् माघारी गेलं. आता तुमाला सांगून राहिलो — का, ते मलाबी नीट ठावं न्हाई.

मी नांदेडात शिसं वितळवतो. गोदावरीत मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याला काठानं जे जड मणी लागतात, ते ओततो. माल येतो टायरच्या दुकानांतून. चाकाचा तोल साधायला रिंगला बारकी वजनं ठोकतात ना, ती — जुनी झाली की भंगारात जातात. इथून पार लातूरपर्यंतचे टायरवाले त्या सगळ्याला शिसंच म्हणतात. त्यात लोखंड असतं, जस्त असतं, पण ह्यांच्या लेखी सगळं शिसं. काय म्हणावं असल्यांना? जन्म गेला तेच ठोकण्यात, अन् हातात काय हाय ते ठावं न्हाई. मी त्यांना तोंडावर अडाणी म्हणायचो. जाळेवाल्यांनाबी म्हणायचो. खरं सांगू? मला कुणीच कधी शहाणं वाटलं न्हाई. मी सोडून.

निवडायचं काम सुमनकडं, म्हंजी माझ्या बायकोकडं. लोखंड चुंबकानं कुणीबी काढील. शिसं अन् जस्त वेगळं करणं अवघड. पक्कडीनं दाबलं तर शिसं कापतं, जस्त दाद देत न्हाई. पण सुमन पक्कडीला हातच लावत नव्हती. शहाबादी फरशीवर एकेक वजन टाकायची — शिसं भद् वाजतं, जस्त टण् करतं. भाजी निवडावी तशी गप्पा मारत निवडायची, अन् वर मला टोमणा, "तुमच्या कानात काय बोळे घातलेत का?" लई झोंबायचं. कारण मला खरंच फरक कळत नव्हता.

त्या दिवशी तिनं मूठभर वजनं बाजूला काढली. त्यांच्यावर इंग्रजीत झेड-एन उमटलेलं. मी म्हणलो, हे झेन मोटारीचं शिसं हाय, मोटारीचं नाव छापलंय. ती हसली. टण् वाजतंय, म्हणली. बस — ते हसणं. ती पाणी भरायला गेली, अन् मी ती सगळी मूठ कढईत टाकली.

झेड-एन म्हंजी जस्त. हे मला नंतर एका टायरवाल्यानंच सांगितलं.

जस्त वर तरंगून राहिलं होतं. तवाच झाऱ्यानं काढलं असतं तर भागलं असतं. मी जाळ वाढवला. मग ते शिशात मिसळलं, अन् अख्खी कढई गुठळ्या झालेल्या पिठल्यावाणी झाली. साच्यात उतरंना. तेवढ्यात थोरला भाऊ आला — भट्टी आमची दोघांची. कढईत बघून त्यानं विचारलं, निवडलं कुणी?

काय बोलायचं होतं? मी टाकलं, एवढंच. मी म्हणलो, "हिनं. हिला ऐकू कमी येऊन राहिलंय, दादा. मी लई दिवसांपासून बघतोय."

सुमन घागर घेऊन दारातच उभी होती. तिनं काढलेली ती मूठ कुठं गेली, हे ती विचारणार, म्हणून आधीच बोललो — तू बाजूला काढलेली मी फेकून दिली, हे जस्त तुझ्या चांगल्या ढिगातलं हाय. वाटलं, आता भांडंल. तिनं घागर खाली ठेवली अन् कानाला हात लावला.

लातूरच्या कानाच्या डॉक्टरकडं जायचा हट्ट तिनंच धरला. मशीन लावून तपासलं. डॉक्टर म्हणला, कान चांगले हायत. भाईर आल्यावर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. तवा तरी बोलायचं? म्हणलो, मशीनचं काय खरं असतं. अन् तिनं डॉक्टरचं सोडून माझं खरं मानलं. मला उलट तिचाच राग आला — एवढी कशी येडी ही? बघा, तिथंबी तीच खालची, मीच वरचा.

चार-पाच वर्षं झाली. आता निवड मी करतो, पक्कडीनं. ती फरशीकडं फिरकत न्हाई.

काल कुकर लावला होता. प्रत्येक शिट्टीला तिनं बोट दुमडलेलं मी पाहिलं — तीन बोटं. तरी माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "किती झाल्या हो?" मी तीन म्हणलो, तवा तिनं गॅस बंद केला.