पेशींची एकादशी

सुहास देव दर रविवारी कुठंतरी जातात, ही खबर जयनगरात त्यांच्या बायकोपेक्षा शेजारच्या महानंदाक्कांनाच जास्त जाचत होती.

"विद्याताई, स्वल्प लक्ष ठेवा ओ. परत येतात तेव्हा स्पिरिटचा वास मारतो!"

वास खराच होता. प्रयोगशाळेत हात स्पिरिटनं धुतल्याशिवाय पेशींना शिवता येत नाही, आणि पेशींना रविवारची सुट्टी ठाऊक नसते. पण कसल्या पेशी, हे मात्र सुहासनी घरी कधी खरं सांगितलं नव्हतं. "यीस्ट," एवढंच. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरपायी विद्याचं गर्भाशय काढलं होतं, आणि यांच्या पेशी त्याच दुखण्याच्या!

एका रविवारी विद्या चप्पल घालून दारात उभी. "मीही येते."

प्रयोगशाळेत पोचल्यावर तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "हे यीस्ट?"

सुहास नाकावरचा चष्मा खिशात शोधू लागले. "नाही. गर्भाशयाच्या कॅन्सरच्या पेशी."

"माझ्यासारख्या?"

"हो."

आता ही आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही, या धास्तीनं ते घाईघाईनं सांगू लागले.

"ते नाव तुझ्या कानावर परत पडू नये, म्हणून..."

"अहो, टाक्यांवर हात गेला की रोज पडतंच. सांगा, काय करता यांचं?"

"एस्ट्रोजेन हे हार्मोन दिलं की यांच्यातली डीएनएची नक्कल काढणारी एन्झाइमं जोरात कामाला लागतात. ते तोडलं की मंदावायला हवीत. पण या उपाशी पेशीही नकला काढतच सुटल्यात. डोकं चालेनासं झालंय."

विद्यानं बशीतलं गुलाबी पाणी निरखलं. "उपाशी? मग हे सरबत कुणी पाजलं?"

"ते त्यांचं अन्न. आंबलं की पिवळं पडतं, म्हणून रंग घालतात."

"म्हणजे सासूबाईंची एकादशी! भाताला शिवायचं नाही आणि साबुदाण्याची खिचडी दोनदा."

सुहास हसले, आणि हसताहसताच थबकले. "अगं, तो रंगच! तो स्वतःच थोडासा एस्ट्रोजेनसारखा वागतो. वाचलं होतं मी, आणि रोज डोळ्यांसमोर असून विसरलो!"

पुढं बिनरंगाचं अन्न आलं आणि एन्झाइमं खरोखरच मंदावली. पण ते नंतरचं. त्या दिवशी जिना उतरताना विद्यानं त्यांचा स्पिरिटच्या वासाचा हात आपल्या हातात घेतला.

"यापुढं यीस्ट फक्त पावात. कळलं?"

"कळलं."

घराच्या फाटकाशी महानंदाक्का उभ्याच होत्या. विद्यानं हात सोडला नाही. उलट अक्कांना नीट दिसावा म्हणून जरा वरच धरला.