स्वतःहून बाद होणारा गडी
हळदीच्या लेपाचा वास आला की बेंबळी गावातलं हुतुतूचं मैदान आठवतं. आमचा एक गडी सगळ्यांत भारी होता, कारण पंचाला कळलं नाही तरी तो स्वतःच हात वर करायचा, "माझा दम तुटला." नेमकी त्यालाच मी निजामाविरुद्ध लिहिलेली पत्रकं पोचवायला दिली. नाक्यावर जमादारानं दरडावलं, "गठडी में क्या है रे?" हा म्हणाला, "पत्रकं हायेत." कुणी दिली ते मात्र सांगितलं नाही, म्हणून जमादारानं त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याला लेप लावताना मी चिडलो, "ज्वारी म्हणायला काय झालं होतं तुला?" "सवय न्हाय," तो म्हणाला. बरा होऊन खेळायला उतरला, तर मधल्या रेषेवरच त्याचा हात वर गेला. मी आजही पत्रकं लिहितो, पण खऱ्याचा जय होईल असं लिहायला हात धजत नाही.