मला ऐकू आलं होतं

माझा मुलगा फौजदार आहे. भरती झालेल्या नव्या पोरांना शिकवतो. बळ किती वापरायचं, लाठी कशी धरायची, जमाव अंगावर आला की माणसाच्या शरीरात काय होतं, असलं सगळं. मी पोलिसातच हवालदार म्हणून रिटायर झालो, शाळा सातवीपर्यंत. पोरगा मला शिकवतो याचा राग नाही. पण गेल्या महिन्यात परळच्या घरी जेवताना जे बोलला, त्यानं डोकं फिरलं. त्याची आई जाऊन वर्षही झालेलं नाही.

म्हणाला, बाबा, भीती वाटली की कान बंद होतात. समोरचं तेवढंच दिसतं. हात सवयीनं चालतो. त्या लालबागच्या बाईच्या वेळी तुमचं तेच झालं. उद्या वर्गात उदाहरण देतो, तुमचं नाव घेणार नाही.

त्या दिवशी पाण्यासाठी बायकांचा मोर्चा होता, वॉर्ड ऑफिसवर. भर दुपार. सकाळपासून साहेबांनी आम्हाला उन्हात उभं केलेलं, घोटभर पाणी कुणी विचारलं नाही. मागून दगड आला, बाजूच्या शिपायाचं कपाळ फुटलं आणि लाठीमाराची शिट्टी झाली. आमच्याकडून एकच घोकून घेतलेलं, कमरेखाली मारा. बायका पटापट रस्त्यावर बसल्या. बसलेल्या बाईची कंबर असते कुठं? डांबरावर. माझी लाठी त्या लालबागच्या बाईच्या गळ्याच्या हाडावर पडली. हाड मोडलं. तिचा तो हात परत खांद्याच्या वर गेला नाही.

कागदावर मी लिहून दिलं, कमरेखाली मारत होतो, बाई खाली बसली म्हणून वर लागली. साहेबांनी दोन शब्द नीट केले, सही घेतली. विषय संपला.

बाई माझ्या मेव्हणीच्या चाळीतली. मेव्हणी घरी येऊन हिला, माझ्या बायकोला म्हणाली, ती बाई हात जोडून विनवत होती, तुझ्या नवऱ्यानं ते ऐकून मारलंन. मेव्हणी गेल्यावर हिनं मला समोर बसवलं. "खरा सांगा. ऐकाक इला होता?"

मी म्हणालो, नाही, ऐकू आलं नाही.

एवढ्यावर ती सख्ख्या बहिणीपासून तुटली. त्यांच्या चाळीत जाऊन माझ्या वतीनं भांडून आली. गणपतीला जाणं बंद, भाचीच्या लग्नालाही गेली नाही. शेवटच्या आजारात मुलगा म्हणाला, मावशीला बोलावू. तर म्हणते, ह्यांना खोटं म्हणणारी मला नको. मी तिथंच बसून गोळीचे दोन तुकडे करत होतो. हिच्या बाराव्याला मेव्हणी आली, उंबऱ्याशी बसली, पाण्याला न शिवता गेली.

आणि हा मला सांगतो, कान बंद होतात. होत असतील कुणाचे. कपाळ फुटलेल्या त्या शिपायाला मी हाका मारत होतो, त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. माझं तसं नव्हतं. आणि माझ्या खोट्याला हा आता वर्गात नेऊन बसवणार.

मी ताट सरकवलं. म्हटलं, "ती म्हणाली होती, दादा, बसले मी. मला ऐकू आलं. मग मारली. भीती नव्हती रे, राग होता. साहेबांवरचा राग तिच्यावर काढला. शिकवायचं तर हे शिकव."

तो घास हातात धरून बसला. मग विचारलंन, "आईला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगता?" असं म्हणून हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी लालबागला गेलो. मेव्हणीनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. दारातच उभं राहून सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. ती पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "माझी बहीण गेली, भावोजी. आता माझ्यापाशी बोलून काय करणार? ती बाई वर राहते. तिसऱ्या माळ्यावर, नळाच्या बाजूची खोली."

मी कठड्याला धरून जिना चढायला लागलो.