तिसऱ्या भागाची जागा

अमेरिकेतली जुनी नाचरी गाणी जगाच्या पाठीवर सगळ्यांत मनापासून कोणी ऐकली असतील, तर ती माझ्या धाकट्या मामाने, लोणावळ्याच्या बाजारामागच्या चिक्कीच्या कारखान्यात, हातात लाटणं धरून. हे मी विचार करून लिहितो आहे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. उगाच ठोकून द्यायची मला सवय नाही. मामाला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, अमेरिका कोणत्या दिशेला हेही त्याने कधी विचारलं नाही, पण तिथला कोणता ढोलवाला कोणत्या गाण्यात दम खातो ते त्याला स्वतःच्या श्वासासारखं ठाऊक होतं.

या सगळ्याला कारण झाली एक खाट. लोणावळ्यातच, तुंगार्लीतला एक बंगला रिकामा होत होता. मामाने सामान हलवायला मदत केली म्हणून मालकीणबाई म्हणाल्या, खाट ने, नाहीतर हा रेकॉर्डप्लेअर ने. जवळच्या औंढे गावातल्या मामाच्या घरात खाट नव्हती. वीजही नव्हती. मामाने रेकॉर्डप्लेअर उचलला आणि वीज होती तिथे, म्हणजे कारखान्यात, आणून ठेवला. मामी त्याच कारखान्यात चिक्की बांधायला बसायची. पुढे जन्मभर, जमिनीवरून उठताना कंबरेत कळ आली की ती त्या यंत्राकडे बघून म्हणायची, "झोपा आता त्याच्यावर."

त्या यंत्राबरोबर एकच तबकडी आली होती. तिच्या पाकिटावर मागे बारीक अक्षरांत पुष्कळ मजकूर होता, आणि मामाला वाटायचं की एवढं बारीक लिहिलंय त्याअर्थी काहीतरी महत्त्वाचं असणार. माझा बी.ए.चा निकाल लागला तेव्हा आईने आळीभर पेढे वाटले, वडील दिवसभर धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. मामा आला तो काखेत पाकीट घेऊन. पेढा तोंडात टाकला, पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "वाच."

मी वाचलं. ही गाणी पूर्वी निघाली होती, मग ती कंपनी बुडाली, गाणी लोकांच्या विस्मरणात गेली. पुढे मूळ ध्वनिमुद्रणं एका गोदामात धूळ खात पडलेली सापडली आणि ती पाच भागांत पुन्हा काढली आहेत. हा पहिला भाग. पुढे लिहिलं होतं की या गाण्यांत वाद्यवृंद उडी मारतो. याचा अर्थ मला लागला नाही आणि मी तसं सांगितलं. मामा म्हणाला, "त्यात काय लावायचाय? मारतोच तो उडी." मग त्याने विचारलं, "म्हंजी ही गेलेली गाणी माघारी आणल्यात?" मी म्हटलं, "हो." "आन् अजून चार भाग हायेत?" त्या दिवसापासून मामाचं लग्नकार्य, शेतीवाडी, दुखणंखुपणं सगळं मागे पडलं आणि पाच भाग पुरे करणं हे एकच काम पुढे उरलं. माझं नावही त्याने टाकून दिलं. तो मला "ए बीए" म्हणायला लागला.

बाकीचे भाग आणून देत असे लोणावळ्याच्या नौदलाच्या शाळेतून शिकून गेलेला एक मल्याळी खलाशी. त्याला मामाच्या हातची तिळाची चिक्की आवडायची. परदेशी बंदरावरून तो तबकडी आणी आणि पिशवीभर चिक्की घेऊन जाई. मात्र मामा वाटेल ती तबकडी घ्यायचा नाही. नवीन गाणं असेल तर हात लावायचा नाही. जुनं गाणं नव्या तबकडीवर हवं, आणि त्यात मूळची खरखर शाबूत हवी. तबकडी सुरू झाली की तो कान लावायचा आणि खूश होऊन म्हणायचा, "ऐक, शेंगदाणं भाजतायत." एकदा खलाशाने खरखर काढून टाकलेली, गुळगुळीत आवाजाची तबकडी आणली. मामाने ती अर्ध्यावर थांबवून परत दिली. "ह्ये धुतलंया. धुतलेलं नगं."

गायकांची नावं वाचता येत नसल्यामुळे त्याने ती स्वतःच ठेवली होती. एक होता घसा बसलेला, एक पेटीफोड्या, एक रडकी बाई. रडक्या बाईचा कोणी माणूस गाडीत बसून निघून गेला होता, एवढं मी अर्थ लावून सांगितलं होतं. ते मामीने मनाला लावून घेतलं. ते गाणं लागलं की ती चिक्कीच्या पुड्या बांधता बांधता सुस्कारा टाकायची, "अजून आला न्हाई वाटतं." पेटीफोड्याचं तिला काही वाटत नसे. "त्याला कुनी जेवाय घालत न्हाई का, एवढा वरडतोय तो?"

खरी पंचाईत चिक्कीची होती. पाक ओतला की थंड व्हायच्या आत तो लाटावा लागतो, आणि मामाचं लाटणं गाण्याच्या ठेक्यावर चालायचं. रडक्या बाईच्या गाण्यावर लाटलेली चिक्की जाड, पेटीफोड्याच्या गाण्यावर लाटलेली पापडासारखी. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की वडी एका कोपऱ्यात जाड आहे. मामाने वडी उजेडात धरली आणि शांतपणे सांगितलं, "तितं ढोलवाला थांबतो." कारखान्याचे शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो मामा, लोक चिक्की खातात, गाणं नाही खात!" मामा म्हणाला, "दोन्ही खात्यात शेठ. त्यांस्नी म्हाईत न्हाई."

पहिला भाग होता. दुसरा आला, चौथा आला, पाचवा आला. तिसरा येईना. चिक्कीच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून मामाने भिंतीवर मांडणी केली होती, तिच्यात दुसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये एका तबकडीपुरती फट सोडलेली. त्या फटीत काही ठेवायचं नाही. मामीने एकदा तिथे वेणीचा आकडा खोचून ठेवला, तो मामाने काढून तिच्या हातात दिला. "तिसऱ्याची जागा हाय ती." तुंगार्लीत एक वृद्ध साहेब वारले, त्यांच्याकडे मामा भेटायला गेला. मी बरोबर होतो. मामा टोपी मांडीवर ठेवून, मान खाली घालून चांगला बसला होता. बाईंनी डोळे टिपले. मामाने खोल आवाजात विचारलं, "साहेबांकडं तिसरा भाग हुता का?" मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

आणि मग एका दुपारी खलाशी तिसरा भाग घेऊन आला.

मी सुट्टीवर होतो, कारखान्यातच बसलो होतो. मामाने पाकीट बघितलं, मला म्हणाला, "बीए, आकडा वाच." मी म्हटलं, "तीन." मामाच्या हाताला तेल आणि गूळ लागलेला. तबकडी त्याने पाकिटातून दोन तळव्यांच्या मध्ये धरून बाहेर काढली, उजेडात फिरवली, आणि मग हात पुसायला हवेत म्हणून ती समोरच्या, पाक ओतायच्या दगडी ओट्यावर ठेवली. त्या ओट्यावरून नुकताच चिक्कीचा एक घाणा उतरला होता, दगड अजून तापलेला होता. हात पुसून मामा वळेपर्यंत तबकडीची कड तेलातल्या पुरीसारखी वर आली.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. मामाने तीस वर्षं ओट्यावर एकच काम केलं होतं. ओट्यावर मऊ, गोल, काळपट काही दिसलं की काय करायचं हे त्याच्या हातांना माहीत होतं. त्याने लाटणं उचललं आणि कड लाटायला घेतली. समोरच्या कारागिराने, त्याच्याही हातांना दुसरं काही माहीत नसल्यामुळे, वड्या आखायला सुरी पुढे केली.

"अवं! तिसरा हाय त्यो!" मामी किंचाळली.

खलाशाच्या हातात चिक्कीची पिशवी तशीच होती. मामा खाली बसला. इतक्या वर्षांत मी त्याला कारखान्यात बसलेला पहिल्यांदा बघितला. मामीने तबकडी पदराने पुसली आणि ती स्वतः यंत्रावर लावली. ज्या यंत्राला तिने कधी बोट लावलं नव्हतं, त्याची सुई तिने उचलून कडेला ठेवली. सुई घाट चढल्यासारखी वर गेली आणि घसरली. तिने आत ठेवली, परत घसरली. अगदी मधल्या कागदाजवळ ठेवली, तेव्हा शेंगदाणे भाजायला लागले. मग काठीने लाकडावर मारल्यासारखं टक, टक, जरा थांबून आणखी एक टक, आणि घसा बसलेला गायला लागला. शेवटचं तेवढं एक गाणं वाचलं होतं.

"ऱ्हायलं बगा एक," मामी म्हणाली. "उठा."

मामा उठला. बाकीच्या गाण्यांबद्दल तो एवढंच म्हणायचा, "परत काढतील. एकदा हरवलेलं काढलं, तर दुसऱ्यांदा का न्हाई काढायचं?" त्याने मला पुण्यातल्या दुकानांतून विचारायला लावलं, कुठेच नव्हतं. तोपर्यंत रोज सकाळी पहिला घाणा ओतला की ते वाचलेलं गाणं लागायचं. तबकडी वेडीवाकडी झाल्यामुळे फटीत मावत नव्हती. ती खुंटीवर टांगलेली असे, आणि फट तशीच.

पुढे मामाला ऐकू येईनासं झालं. एका कानाने आधी, मग दुसऱ्या. त्याने काम सोडलं, यंत्रही बंद पडलं, पण तो रोज औंढ्याहून चालत कारखान्यात येऊन बसायचा. परवा मी गेलो तेव्हा ओट्याच्या कडेला स्टुलावर होता. मी जोरात हाक मारली, त्याला कळली नाही. त्याचे डोळे मिटलेले होते आणि तळवा ओट्याच्या दगडावर सपाट टेकलेला होता. ओट्यावरचे कारागीर आता नवे, त्यांतल्या निम्म्यांनी ते यंत्र चालू असलेलं पाहिलंही नसेल. एकाने पाक ओतला, लाटणं हातात घेतलं, आणि लाटायच्या आधी ओट्याच्या कडेवर मारलं. टक, टक. थांबला. टक. मग लाटायला लागला. मी विचारलं, "असं का मारतोस रे?" तो म्हणाला, "तसंच मारत्यात. वस्तादानं असंच शिकवलं."

मामाचा पाय हलत होता. घाणा लाटून झाला, सुरी फिरली, ओटा शांत झाला. मामाने डोळे उघडले, मला बघितलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला,

"ए बीए, संपली बाजू. उलटी कर."