ओली भिंत

तिला सगळे ब्रशवाल्या वहिनी म्हणायचे. नवऱ्याला पंपवाला. दोघांचा धंदा एकच: लाकडी घरं बाहेरून धुऊन काढायची आणि त्यांना पुन्हा रंग चढवायचा. त्या भागात घरांच्या बाहेरच्या भिंती फळ्यांच्या असत. कुंपणं लाकडी, पायऱ्या लाकडी, मागच्या दारचा ओटाही लाकडी. ऊन-पाण्याने या फळ्या करड्या पडत, सावलीच्या बाजूला शेवाळ धरत. मग पंपवाला आपलं यंत्र घेऊन येई आणि जोराच्या फवाऱ्याने सगळा मळ उतरवी. लाकूड सुकलं की वहिनी पुढे होत.

हा रंग म्हणजे भिंतीवर थापायचा रंग नव्हे. तो लाकडात मुरतो. लाकडाच्या रेषा झाकत नाही, उलट उठवतो. म्हणून तो लावायला हात लागतो. फळीच्या एका टोकापासून निघालं की दुसऱ्या टोकापर्यंत थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर तेवढी जागा सुकते, आणि पुढचा हात तिच्यावर चढला की गडद पट्टा उमटतो. हे लोक त्याला जोड म्हणतात. वहिनींच्या भिंतीवर जोड शोधून सापडत नसे. स्वभावाने त्या अबोल, कपाळाला आठी जरा जास्तच, पण शिडीवर चढल्या की बघत राहावं. मनगटापर्यंत हात कायमचे तपकिरी. एकदा एका लग्नात कुणीतरी विचारलं, "मेंदी का?" वहिनी म्हणाल्या, "सागवानी." एवढा एकच विनोद त्यांनी आयुष्यात केला असेल.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर धाकटा दीर कामाला होता तो कारखाना बंद पडला. तो ट्रकवर लागला आणि आठवडेच्या आठवडे बाहेर राहू लागला. त्याची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ, पूर्वी एका शिंप्याकडे पडदे शिवायची. तेही काम सुटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर भिंतीकडे बघत बसते बिचारी. त्यापेक्षा भिंत रंगवू दे तिला."

वहिनींची काही हरकत नव्हती. डबे ढवळायला, शिडी धरायला, ब्रश धुवायला कुणी मिळालं तर बरंच. धाकटीने ते सगळं केलं. मग एक दिवस कुंपणाच्या चार फळ्या रंगवल्या. मग अख्खं कुंपण. सरळ शिवण घालण्यात दिवस गेलेले, त्यामुळे हात थरथरत नव्हता.

पंपवाला नळी गुंडाळता गुंडाळता त्या कुंपणापाशी थांबला. "वा! हात हलका आहे गं हिचा," तो वर शिडीकडे बघून बायकोला म्हणाला.

वहिनी वर छपराखालची फळी रंगवत होत्या. ब्रश तसाच धरून त्यांनी वाट पाहिली. वाटलं, आता आपल्या भिंतीकडेही बघेल. तो नळी खांद्यावर टाकून गाडीकडे निघून गेला.

तिथून सुरुवात झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या हाताबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. भाजीत मीठ बरोबर असलं की माणूस मिठाचं नाव काढत नाही, त्यातला प्रकार. पण वहिनींना त्या दिवसापर्यंत आपल्याला काही हवं आहे हेच माहीत नव्हतं, आणि माहीत झालं ते दुसरीला मिळाल्यावर.

मग जे जे दिसेल ते डोळ्यांत खुपू लागलं. धाकटी काम करताना गुणगुणायची. घरमालक तिच्याशी बोलायला खुर्च्या टाकून बसायचे. गल्लीतली झाडून सगळी कुत्री तिला ओळखायची. वहिनींवर वर्षानुवर्षं भुंकणारा एक लठ्ठ कुत्रा तिच्यासमोर पोट वर करून लोळला, तेव्हा तर वहिनी त्या कुत्र्यावरही रागावल्या.

त्यांनी धाकटीला केस गळणारा जुना ब्रश दिला. तिने सुटे केस उपटले, बुडाला दोरा आवळून बांधला आणि कामाला लागली. त्यांनी तिला पायऱ्यांची खालची बाजू दिली, जिथे पाठीवर पडून रंगवावं लागतं आणि रंग तोंडावर गळतो. ती ठिपक्या-ठिपक्यांचं तोंड घेऊन हसत बाहेर आली, आणि घरमालक खाली वाकून बघायला गेला. पायऱ्यांची खालची बाजू! जन्मात कुणी बघत नाही ती!

"बघा तरी काय केलंय," तो वहिनींना म्हणाला.

"बघितलं," वहिनी न बघता म्हणाल्या.

खरा घाव घातला तो एका निवृत्त मास्तरीणबाईंनी. त्यांचा फोन आला तेव्हा योगायोगाने वहिनींनीच उचलला.

"ओटा रंगवायचाय," बाई म्हणाल्या. "पण ब्रशवाल्या वहिनींनाच पाठवा हं."

"मीच बोलतेय."

"छे छे, तुम्ही नव्हे. त्या उंच आहेत ना, हसऱ्या, गुणगुणतात त्या. ब्रशवाल्या वहिनी."

वहिनी उंच नव्हत्या. हसण्याबद्दल तर बोलायलाच नको. त्यांनी "सांगते" म्हणून फोन ठेवला आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पंपवाल्याने विचारलं, "बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "मला काय होतंय?" नाव त्यांनी मागून घेतलं नव्हतं, लोकांनीच दिलं होतं. आता लोकांनीच ते उचलून दुसरीच्या पदरात टाकलं, तेही त्यांना न विचारता.

पुढच्याच आठवड्यात उताराच्या रस्त्यावरच्या मोठ्या घराचं काम आलं. मालक जाड चष्म्याचे, शिस्तीचे गृहस्थ. पंपवाल्याने चारी बाजू धुऊन काढल्या. मध्ये सुकायला वेळ दिला. रंग लावायच्या दिवशी सकाळी पंपाची झडप बिघडली, ती घ्यायला तो बाजारात निघाला. जाताना बायकोला म्हणाला, "पुढची भिंत खुशाल घ्या. मागची तेवढी बघून घे. सावलीत आहे. ओल असेल तर आज हात लावू नका."

वहिनी मागे गेल्या. फळीवर पाण्याचे थेंब शिंपडले. सुकलेलं लाकूड थेंब पिऊन टाकतं. इथे ते मण्यांसारखे बसून राहिले. त्यांनी तळवा टेकवला. आतून गारवा येत होता. भिंत ओली होती, यात शंकाच नव्हती.

त्या वळल्या, तर धाकटी डबा आणि ब्रश घेऊन कोपऱ्यावरून येतच होती.

"ताई, मी मागची घेऊ का?"

वहिनी पुढे नेहमी सांगत की ठरवून काही केलं नव्हतं. तोंडातून आलं ते आलं.

"घे की," त्या म्हणाल्या.

आणि त्या पुढच्या भिंतीवर जाऊन काम करू लागल्या. हात नेहमीसारखा चालेना. एका फळीवर त्या मध्येच थांबल्या आणि ठसठशीत जोड पडला. तो पुसून काढायला त्यांना झगडावं लागलं. मागून गुणगुणणं ऐकू येत होतं. अजूनही जाऊन थांबवता आलं असतं. दोनदा त्या शिडीवरून खाली उतरल्यासुद्धा. पण ते गुणगुणणं कानावर पडलं की पाय पुन्हा शिडीकडे वळत.

मागची भिंत बिघडली. रंग मुरलाच नाही. कुठे चिकट राहिला, कुठे डागाडागांनी फुटला. दोन दिवसांनी मालकांनी पंपवाल्याला मागे नेलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "ही भिंत आजारी दिसते."

पंपवाल्याने बोटाने रंग चाचपला. "ओल होती," तो पुटपुटला आणि बायकोकडे बघू लागला. वहिनी काही बोलायच्या आत धाकटी पुढे झाली.

"माझं चुकलं, दादा. मी हात लावून बघायला हवं होतं."

आता हा ओरडणार, असं वहिनींना वाटलं. किती वाट पाहिली होती त्यांनी त्या ओरडण्याची! पण पंपवाल्याने नुसता सुस्कारा सोडला. "होतं गं असं. शिकताना मीसुद्धा एक दरवाजा फवाऱ्याने सोलून काढला होता. घाबरू नकोस. पुन्हा करून देऊ."

चूक वहिनींची, आणि माफी मिळाली धाकटीला. चूक कबूल करण्याचा मोठेपणाही तिनेच पटकावला. त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही, शिवीसुद्धा नाही.

भिंत पुन्हा उघडी करायची म्हणजे नव्याने करण्यापेक्षा जास्त त्रास. आधी रंग सोडवणारं औषध लावायचं, मग ताठ ब्रशने घासायचं, मग पाणी मारायचं. पंपवाला दुसऱ्या कामावर गेला आणि दोघी जावा त्या भिंतीशी उरल्या. धाकटी गुणगुणत नव्हती.

"ताई," ती घासता घासताच म्हणाली, "मी कोपऱ्यावर होते. तुम्ही तळवा टेकवलात ते मी बघितलं."

वहिनींचा हात थांबला. "मग लावलंस कशाला?"

"तुम्ही घे म्हणालात."

"मी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर?"

"पहिली फळी लावली आणि थांबले. म्हटलं, आता येतील. दुसरी लावली. मग मला राग आला. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते." तिने ओल्या मनगटाने नाक पुसलं. "मुद्दाम गुणगुणत होते. तुम्हाला ऐकू जावं म्हणून."

"त्यांना का नाही सांगितलंस?"

"सांगून कुठे जाऊ? तुम्ही मला घरी बसवलं असतं. आणि दादांनी कुणाचं ऐकलं असतं? ओल बघायची तर तुमच्या हाताने बघतात ते. यंत्र सुरू करायच्या आधी तुम्ही मान हलवलीत का हे बघतात. मला म्हणतात हात हलका आहे. लहान पोराला म्हणतात ना, सगळं दूध प्यायलं, शाब्बास, तसं! तुम्हाला कधी म्हणतात का असं? त्यांना गरजच नाही." आणि मग एकदम तुटक आवाजात, "मला वाटतं ना, कुणीतरी मला असं काही न म्हणता नुसती माझ्या मान हलवण्याची वाट बघावी."

वहिनींना हे ऐकून बरं वाटलं असेल असं कुणी समजू नये. त्यांना राग आला. आपण इतके दिवस जळलो, आणि जिच्यावर जळलो ती आपल्यावरच जळत होती, म्हणजे दोघींनी मिळून एक चांगली भिंत नासवली. शिवाय हे बोलायचं धाडसही आधी तिनेच केलं.

"घास," त्या म्हणाल्या. "औषध सुकतंय."

संध्याकाळी पंपवाला आला तेव्हा वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, भिंत ओली आहे हे मला माहीत होतं. मीच तिला लाव म्हटलं."

"विसरलीस का?"

"नाही. माहीत असून म्हटलं."

त्याने बायकोकडे बघितलं, मग भावजयीकडे. "का गं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या भिंतीइतकं लांब होतं. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही तिचं कौतुक करता." मोठ्या बाईच्या तोंडी ते इतकं पोरकट वाटलं की त्यांना स्वतःलाच लाज आली. त्यानंतर कितीतरी दिवस पंपवाला फक्त कामापुरतं बोलत होता, नळी धर, झाकण दे, एवढंच. राग होताच, पण त्याहून जास्त म्हणजे त्याला ते समजतच नव्हतं.

मालकांकडे वहिनी स्वतः गेल्या. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, नव्याने केलेली भिंत बघितली, उत्तम झाली म्हणाले. आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला मात्र त्या दुसऱ्या बाईंना पाठवा." वहिनींनी तेही गिळलं.

वर्ष उलटायच्या आत दिराने ट्रक सोडला आणि एक जुना पंप विकत घेतला. धाकटीने आपलं वेगळं काम सुरू केलं. मास्तरीणबाई तिच्याकडे गेल्या, चष्मेवाले गृहस्थ गेले, आणखीही बरेच गेले. वहिनींना वाटलं होतं, डोळ्यांआड गेली की शांत वाटेल. तसं काही झालं नाही. गाडी धाकटीने केलेल्या घरावरून गेली की त्या नवऱ्याला म्हणत, "जरा हळू घ्या," आणि खिडकीतून मान बाहेर काढून चुका शोधत. सापडली तर दिवस बरा जाई. आताशा कमी सापडत.

मग धाकटीला एका मोठ्या सभागृहाचं काम मिळालं. लांबच लांब फळ्या, एकटीच्या आवाक्याबाहेरच्या. ती स्वतः आली आणि दारातच म्हणाली, "ताई, तुम्ही आलात तरच घेते. नाहीतर नाही म्हणून कळवते."

"तू तिच्या हाताखाली काम करणार?" पंपवाल्याने नंतर विचारलं.

"बघू तर," वहिनी म्हणाल्या.

त्या गेल्या. एक फळी दोघींनी मिळून घ्यायची, एकीचा हात जिथे संपेल तिथे रंग ओला असतानाच दुसरीने पुढे धरायचं, म्हणजे जोड पडत नाही. दुपारी सभागृहाचा व्यवस्थापक आला, मान वर करून बघितलं आणि धाकटीला म्हणाला, "कमाल केलीत बाई!" वहिनी बाजूच्याच शिडीवर होत्या. त्या ब्रश ठेवून खाली आल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा वर चढल्या.

दिवस उतरताना दोघी पायरीवर बसून ब्रश धूत होत्या.

"उद्या लवकर ये," वहिनी म्हणाल्या. "ऊन चढायच्या आत पूर्वेची बाजू उरकू. आणि ती शिडी बदल, हलते."

"बरं," धाकटी म्हणाली. काम तिचं होतं, पण ते तिने बोलून दाखवलं नाही.